काळा आजार ओसरला. उरलेले रुग्ण ओळखणार कोण?

१९९२ साली भारतात काळ्या आजाराचे ७७,१०२ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले १,४१९ दगावले. २०२३ साली ही नोंद ५९५ रुग्ण आणि ४ मृत्यू इतकी खाली आली. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांच्या ५४ जिल्ह्यांतले ६३३ विकास गट हे या रोगाचे घर मानले जाते. दर १० हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, हे निर्मूलनाचे उद्दिष्ट २०२३ च्या अखेरीस या सर्व गटांनी गाठले. त्याआधी २०१०, २०१५, २०१७ आणि २०२० अशा मुदती एकामागून एक हुकल्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवे. शेजारच्या बांगलादेशाला ऑक्टोबर २०२३ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि तो असा जगातला पहिला देश ठरला. ही मान्यता मिळवायची तर गाठलेली पातळी सलग ३ वर्षे टिकवून दाखवावी लागते.

पेच आहे तो इथेच. रोग जसजसा दुर्मीळ होतो, तसतसा तो डॉक्टरांच्या नजरेतून उतरतो. ज्याने शिकताना काळ्या आजाराचा एकही रुग्ण पाहिला नाही, त्याला तो समोर बसलेला असूनही ओळखू येत नाही. आणि हा रोग ओळखायला उशीर झालेला चालत नाही. उपचार न मिळालेल्या शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण मरतात. उपचार मिळाले तर जवळजवळ सगळे बरे होतात. मधला फरक फक्त निदानाचा आहे. गेल्या २० वर्षांत गावपातळीवरून जवळपास हद्दपार झालेली अस्थिमज्जेची तपासणी, म्हणजे ज्याला रुग्णालयात सगळे ‘बोन मॅरो’ म्हणतात ती, त्यामुळेच पुन्हा चर्चेत आणण्याची गरज आहे.

रोगाचे कारण आहे लेश्मानिया डोनोव्हानी नावाचा एकपेशीय परजीवी. तो पसरवते सँडफ्लाय ही जेमतेम २-३ मिलिमीटरची माशी. महाराष्ट्राच्या वाचकाला हे नाव चंडीपुरा विषाणूमुळे ठाऊक आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या ज्या गावावरून त्या विषाणूला नाव पडले, तोही याच कुळातल्या माश्यांमार्फत पसरतो. काळ्या आजाराची माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात वाढते. तिने चावा घेतला की परजीवी शरीरात शिरतो आणि जंतूंना गिळून संपवणे हे ज्यांचे काम, त्या भक्षक पेशींच्या पोटातच बिऱ्हाड करतो. या पेशी प्लीहा, यकृत आणि हाडांच्या आतल्या मज्जेत सर्वाधिक असतात. म्हणून प्लीहा, म्हणजे आपल्याकडची जुनी माणसे जिला पाणथरी म्हणतात ती, फुगत जाते. ताप आठवडेच्या आठवडे उतरत नाही. माणूस वाळतो, त्वचा काळवंडते. रक्त तपासले तर तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही घटलेल्या. चाव्यापासून लक्षणांपर्यंत साधारण २ ते ६ महिने जातात, कधी त्याहूनही जास्त.

ताप, मोठी प्लीहा आणि तिन्ही पेशी कमी. हे चित्र फक्त काळ्या आजाराचे नाही, हीच खरी अडचण. हिवताप, विषमज्वर, क्षय आणि रक्ताचे काही कर्करोग असेच दिसतात. रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्या शरीरावर उलटणारे विकारही त्यात येतात.

पूर्वी बिहारच्या आरोग्य केंद्रांत फॉर्मालिनची चाचणी चाले. रुग्णाच्या रक्तद्रवात फॉर्मालिनचा थेंब टाकायचा. तो उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा घट्ट झाला की काळा आजार समजायचा. रोग जुना झाल्याशिवाय ही चाचणी लागत नसे आणि इतर रोगांतही लागे. खात्रीचा मार्ग एकच होता: सुई घालून परजीवी प्रत्यक्ष बाहेर काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. चार्ल्स डोनोव्हान यांनी १९०३ मध्ये मद्रासच्या सरकारी रुग्णालयात जिवंत रुग्णाच्या प्लीहेतून असाच नमुना काढला होता. त्याच्या थोडेसे आधी विल्यम लेशमन यांनी कलकत्त्याजवळच्या डमडमहून आजारी होऊन परतलेल्या सैनिकाच्या शवविच्छेदनात दिसलेल्या अशाच गोल कणांविषयी लिहिले होते. रोनाल्ड रॉस यांनी परजीवीच्या नावात दोघांनाही जागा दिली. त्या कणांना आजही ‘एलडी बॉडीज’, म्हणजे लेशमन-डोनोव्हान कण असेच म्हणतात.

प्लीहेची सुई सर्वांत अचूक. १०० रुग्णांपैकी ९३ ते ९९ जणांत ती परजीवी दाखवते. पण फुगलेली, रक्ताने भरलेली प्लीहा टोचणे म्हणजे जोखीम. सराईत हातांतही साधारण हजारात एकाला जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो, आणि ज्याच्या प्लेटलेट आधीच घटल्या आहेत त्याच्यासाठी भीती आणखी वाढते. मज्जेची तपासणी त्या मानाने बरीच सुरक्षित, पण तिची अचूकता ५३ ते ८६ टक्क्यांच्या दरम्यान हेलकावते. या दोन आकड्यांमधले अंतर फार मोठे आहे. ते का, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातला बराच भाग रोगावर नाही, माणसांच्या हातावर आणि डोळ्यावर अवलंबून आहे.

रुग्णाला कुशीवर किंवा पालथे झोपवतात. कमरेच्या मागच्या बाजूला, पाठीच्या कण्यालगत हाताला लागणारा हाडाचा उंचवटा निवडतात. तेवढ्या भागापुरती भूल देतात. कातडी बधिर होते, हाडावरचे आवरणही होते, पण मज्जा ओढून घेताना आत कळ येते ती भुलेने थांबत नाही. दोन-चार सेकंदांची असते. जाड सुई फिरवत फिरवत हाडात उतरवायची आणि सिरिंजने मज्जा खेचायची. इथे घाई किंवा लोभ केला तर नुकसान होते. पहिला पाव ते अर्धा मिलिलिटर हाच खरा ऐवज. त्यापुढे खेचत गेले तर मज्जेऐवजी साधे रक्त येऊ लागते आणि नमुना पातळ होतो. तो लगेच काचपट्टीवर पसरवावा लागतो, नाहीतर गोठतो. लोकांच्या मनात या तपासणीची धास्ती फार आहे. ‘पाठीतले पाणी काढले’ असा गैरसमज तर सर्रास असतो, पण ते वेगळे; इथे मणक्याला हातही लागत नाही. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातात.

काचपट्टी रंगवून हजारपट मोठी करून पाहायची. परजीवी २ ते ४ मायक्रॉनचा, म्हणजे तांबड्या पेशीच्या निम्म्याहूनही लहान असू शकतो. त्याच्या आत दोन ठिपके दिसले पाहिजेत: एक गोल केंद्रक आणि शेजारी काडीसारखा दुसरा, ज्याला कायनेटोप्लास्ट म्हणतात. ही काडी दिसली तरच परजीवी म्हणायचा. एरवी पेशीवर पडलेली प्लेटलेट, रंगाचा कण किंवा हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी हुबेहूब तसाच भास निर्माण करते. प्लीहेच्या किंवा मज्जेच्या नमुन्यात परजीवी किती, याची ० ते ६ अशी श्रेणी ठरलेली आहे. ६ म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या एकाच दृष्टिक्षेत्रात शंभराहून अधिक, आणि १ म्हणजे तब्बल हजार दृष्टिक्षेत्रे पाहिल्यावर १ ते १०. ‘परजीवी नाही’ असे लिहायचे तर निदान तेवढी तरी क्षेत्रे नजरेखालून जायला हवीत. गर्दीच्या प्रयोगशाळेत एका काचपट्टीवर इतका वेळ देणारा तंत्रज्ञ मिळणे किती कठीण आहे, हे वेगळे सांगायला नको. ५३ आणि ८६ मधले अंतर बरेचसे याच खुर्चीत तयार होते.

या सगळ्यातून सुटका केली ती एका कागदी पट्टीने. परजीवीच्या एका प्रथिनात ३९ अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन:पुन्हा येतो. तो प्रयोगशाळेत तयार करून पट्टीवर बसवला, की रुग्णाच्या रक्तातली त्याविरुद्धची प्रतिपिंडे तिथे चिकटून रेघ उमटते. ‘आरके-३९’ असे तिचे नाव. बोटातून रक्ताचा थेंब आणि १० मिनिटे, एवढ्यात उत्तर. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तिची उपयुक्तता बिहारच्या रुग्णांत दाखवली. पुढे २०१० मध्ये त्यांच्याच गटाने मुजफ्फरपूरच्या रुग्णांत लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी या औषधाचा एकच डोस ९५ टक्क्यांहून अधिक जणांना बरा करतो हे सिद्ध केले. पट्टी, एक डोस आणि घराघरांतली फवारणी यांच्या जोरावर आकडे कोसळले. गावच्या आरोग्य केंद्रातून मज्जेची सुई बाहेर गेली, आणि ते योग्यच झाले. जिथे हजारो रुग्ण रांगेत आहेत तिथे प्रत्येकाचे हाड टोचत बसणे शहाणपणाचे नव्हते.

मात्र पट्टी परजीवी पाहत नाही, त्याच्या आठवणी पाहते. रुग्ण बरा झाल्यावरही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे रक्तात राहतात. त्यामुळे एकदा काळा आजार होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा ताप आला तर पट्टीवरची रेघ काहीच सांगत नाही; ती नव्या रोगाची आहे की जुन्या, हे कळायला मार्ग नाही. या भागात राहणाऱ्या, कधीही आजारी न पडलेल्या काही जणांतही ती उमटते. याच्या उलट टोक एचआयव्हीचे. बिहारमध्ये प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांच्या एका मोठ्या तपासणीत काळ्या आजाराच्या शंभर रुग्णांमागे पाचाहून अधिक जणांना एचआयव्हीचाही संसर्ग आढळला होता. प्रतिकारशक्तीच खचलेली असल्याने अशा माणसाचे शरीर पुरेशी प्रतिपिंडे बनवत नाही आणि पट्टी कोरी राहू शकते. त्यांच्यात रोग पुन:पुन्हा उलटतोही. उलटला आहे का, औषध लागू पडले का, हे ठरवायला परजीवी पाहण्यावाचून गत्यंतर नसते. रक्तातून परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी इथे मोठी मदत करू शकते, पण ती मोजक्या संस्थांतच होते.

म्हणजे आता उरलेल्या थोड्या रुग्णांत ज्यांच्यासाठी पट्टी अपुरी आहे, त्यांचे प्रमाण वाढत जाणार. सोपे रुग्ण संपले, अवघड मागे राहिले. आणि नेमकी त्याच वेळी काचपट्टी वाचणारी पिढी निवृत्त होत आहे. पाटण्याच्या राजेंद्र स्मारक संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी हे कौशल्य जपले गेले आहे. प्रश्न आहे तो इतर सगळ्या ठिकाणांचा.

कारण रुग्ण पाटण्यातच असेल असे नाही. जयनगरहून दरभंगा, मुजफ्फरपूरमार्गे मुंबईला येणारी पवन एक्स्प्रेस रोज भरून येते. समजा, त्यातून उतरलेला एक तरुण बांधकामावर लागला. आला तेव्हा ठणठणीत. चार महिन्यांनी ताप सुरू झाला. आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे हिवतापाच्या गोळ्या, मग विषमज्वराची प्रतिजैविके, मग ‘एकदा टीबीचे बघू’. दीड-दोन महिने असे गेल्यावर मोठ्या रुग्णालयात रक्त तपासले तर तिन्ही पेशी घसरलेल्या. तिथून तो रक्तविकाराच्या विभागात जातो आणि मज्जेच्या मागणीपत्रावर लिहिले जाते, ‘ल्युकेमिया?’ काचपट्टी पाहणाऱ्याचा डोळा साहजिकच कर्करोगाच्या पेशी शोधतो. त्या नसतात. अहवाल येतो: कर्करोग नाही. भक्षक पेशींच्या पोटातले ते बारीक ठिपके त्याच काचपट्टीवर असू शकतात, पण कोणी विचारले नाही म्हणून कोणी पाहिले नाही.

याहून वाईट असे, की अशा रुग्णाला प्रतिकार यंत्रणेचा विकार समजून स्टिरॉइड सुरू केले जाते. ताप दोन दिवस उतरतो, सगळ्यांना हायसे वाटते आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीत परजीवीला रान मोकळे मिळते. महानगरांतल्या रुग्णालयांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या रुग्णकथा वाचल्या तर त्यांत एक गोष्ट सारखी भेटते: निदान अखेर मज्जेतच झाले, आणि बऱ्याचदा दुसऱ्यांदा पाहिल्यावर.

केवळ बिहारहून आलेल्यांनाच हा रोग होतो, असा समज करून घेणेही धोक्याचे आहे. हिमाचल प्रदेशात सतलजच्या खोऱ्यात आणि केरळमध्ये पश्चिम घाटाच्या जंगलपट्ट्यात, कधीही बिहारला न गेलेल्या लोकांत तो आढळला आहे. हे भाग त्या ६३३ विकास गटांच्या यादीत नाहीत. यादीबाहेर रोग नसतो असे यादीने कधी म्हटलेले नाही. पण सरकारी कामात तसे गृहीत धरले जाते खरे. आणि स्थलांतरित मजुराकडे बोट दाखवण्याचेही कारण नाही. हा आजार शिंकेतून, स्पर्शातून, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. मधे माशी लागते.

मग करायचे काय? प्रत्येक तापकऱ्याची मज्जा काढा, असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक ताप आणि मोठी प्लीहा असलेल्या रुग्णाला त्याचे गाव कोणते, गेल्या वर्ष-दोन वर्षांत मुक्काम कुठे होता, हे विचारणे ही पहिली पायरी. तिला पैसे लागत नाहीत. उत्तर दरभंगा, सारण किंवा दुमका असे आले तर हाड टोचण्याआधी पट्टी. थेंबभर रक्तात काम होत असेल तर सुई कशाला? अडचण एवढीच, की बिहारच्या आरोग्य केंद्रात सहज मिळणारी ही पट्टी मोठ्या शहरांतल्या नामांकित रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत असेलच याची खात्री नसते. स्वस्त वस्तू, पण मागणी नाही म्हणून साठा नाही, आणि साठा नाही म्हणून आठवण नाही.

पट्टी कोरी असून संशय कायम असेल, रोग उलटला असेल, एचआयव्ही असेल किंवा कर्करोगाच्या शंकेने मज्जा काढली जाणारच असेल, तर मागणीपत्रावर ‘एलडी बॉडीज पाहा’ हे तीन शब्द लिहिलेले असावेत. तेवढ्याने तंत्रज्ञाचा शोध बदलतो. आणि मज्जा कोरी आली तरी तेवढ्यावर काळा आजार नाकारता येत नाही, हे डॉक्टरने आणि नातेवाइकांनीही लक्षात घ्यावे. ५३ टक्क्यांचा अर्थच असा आहे, की वाईट दिवशी जवळजवळ निम्मे रुग्ण हातातून निसटतात. तेव्हा दुसरा नमुना, पीसीआर किंवा अनुभवी हातांत प्लीहेची तपासणी, असे पुढचे मार्ग शोधावे लागतात. यात एक गंमतही आहे. देशातल्या असंख्य प्रयोगशाळांत रक्त आणि मज्जेच्या काचपट्ट्या रंगवायला जो रंग रोज वापरतात, त्याचे नाव ‘लेशमन स्टेन’. त्याच विल्यम लेशमन यांचा. बाटलीवर नाव रोज दिसते, त्यांनी ज्याचे वर्णन केले तो कण मात्र दिसत नाही.

उरतो प्रश्न नोंदीचा. मुंबईत किंवा पुण्यात सापडलेला रुग्ण तिथे बरा होऊन गेला तर रुग्णालयाचे काम संपते, कार्यक्रमाचे संपत नाही. त्याला रोग त्याच्या गावी लागला असेल तर त्या वस्तीत परजीवी अजून फिरतो आहे. बरे झालेल्या काही जणांत वर्ष-दोन वर्षांनी अंगावर फिकट चट्टे उठतात. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत. कोड किंवा कुष्ठरोग समजून दुर्लक्षिले जातात आणि त्या चट्ट्यांतला परजीवी माशीमार्फत पुन्हा वस्तीत पसरत राहतो. १९७० च्या दशकात हिवतापाविरुद्धची डीडीटी फवारणी सैल पडल्यावर बिहारमध्ये काळा आजार असाच उसळून आला होता. त्यामुळे शहरातल्या रुग्णाचे नाव त्याच्या विकास गटापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे. ते पोहोचले तर आशा कार्यकर्ती आसपासच्या घरांत तापाचे आणि चट्ट्यांचे रुग्ण शोधते, फवारणी करणारे पथक तिथे जाते. न पोहोचले तर त्या गटाच्या तक्त्यात त्या वर्षी शून्य लिहिले जाते.